चाळीस किलोच्या घाण्यात नाचणारे वजन : एका नॉइजी पॉवर सप्लायचा प्रकरण अभ्यास

सांगलीजवळच्या एका मसाला कारखान्यात मिरची, धने, हळद आणि मीठ ठरलेल्या प्रमाणात एकत्र करण्यासाठी लोड सेलवर, म्हणजे वजनाचे सूक्ष्म व्होल्टेज करून देणाऱ्या संवेदकावर, टांगलेला एक हॉपर (मोठे नरसाळे) आहे. प्रत्येक जिन्नस वरच्या कोठीतून स्क्रू फीडरने हॉपरमध्ये पडतो, वजन ठरलेल्या आकड्याला पोहोचले की वजन मोजणाऱ्या सर्किट बोर्डावरचा रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, फीडर थांबवतो आणि पुढच्या जिनसाची पाळी येते. ही व्यवस्था कारखान्याच्या आतल्या मिश्रणापुरती आहे. विक्रीचे पाकीट वेगळ्या, शिक्का मारलेल्या काट्यावर तोलले जाते. तरीही आतला हॉपर चुकला की चव चुकते. चाळीस किलोच्या घाण्यात, म्हणजे एका वेळच्या मिश्रणात, मीठ फक्त १.२ किलो असते आणि ते सर्वांत शेवटी, म्हणजे हॉपर जवळजवळ भरलेला असताना पडते. त्या वेळी आकडा ३० ग्रॅमने वर उडाला तर फीडर आधीच थांबतो आणि मीठ अडीच टक्क्यांनी कमी पडते.

बोर्ड बसवून तीन वर्षे झाली होती आणि गेल्या काही महिन्यांपासून आकडा स्थिर राहीनासा झाला होता. मी पाहायला गेलो तेव्हा भरलेल्या हॉपरचे वजन दोन्ही बाजूंना सुमारे ३० ग्रॅम, म्हणजे एकूण ६० ग्रॅमच्या पट्ट्यात सतत वरखाली होत होते. कारखान्याच्या वायरमनने माझ्याआधी बरेच प्रयत्न केले होते. त्याने लोड सेल बदलला होता, पॅनेलमधला २४ व्होल्टचा एसएमपीएस (वीजपुरवठा) बदलला होता आणि लोड सेलची केबल मोटारींच्या केबलपासून दूर नेली होती. कशानेच फरक न पडल्यामुळे शेवटी सगळा दोष ग्राइंडरच्या व्हीएफडीवर, म्हणजे मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हवर, आला होता. अशा जागी व्हीएफडी हा नेहमीचा संशयित असतो आणि पुष्कळदा खरा दोषीही तोच निघतो, म्हणून मी आधी ग्राइंडर पूर्ण बंद ठेवायला लावून आकडा पाहिला. तो तसाच नाचत होता.

हॉपर चालवणाऱ्या गृहस्थांना सगळा कारखाना मामा म्हणतो. मी पॅनेल उघडत असताना ते शेजारी उभे राहून म्हणाले, "साहेब, सकाळी आल्या आल्या लई नाचतंय. दुपारच्याला तापलं की जरा गप बसतंय. आन् रिकामं असलं की हलत बी न्हाई." या तीन वाक्यांत निदानाचा मोठा भाग होता, असे आज मागे वळून पाहताना मला वाटते. तोवर ते कोणी विचारात घेतले नव्हते, कारण मामांना सर्किट कळत नाही असे सर्वांनी गृहीत धरले होते.

रिकाम्या हॉपरला आकडा स्थिर आणि भरलेल्याला अस्थिर, याचा अर्थ असा की नॉइज, म्हणजे नको असलेली विद्युत खळबळ, सिग्नलमध्ये नुसता मिसळत नव्हता, तो सिग्नलला गुणत होता. लोड सेलच्या तारांवर बाहेरून काही शिरत असते तर हॉपर रिकामा असो की भरलेला, चूक तेवढीच राहिली असती. वजनाच्या प्रमाणात वाढणारी चूक आली की बोट लोड सेलला मिळणाऱ्या व्होल्टेजकडे, ज्याला आपण एक्सायटेशन म्हणतो, किंवा त्या सिग्नलचे आकडे करणाऱ्या एडीसी चिपच्या संदर्भ व्होल्टेजकडे दाखवावे लागते, आणि ही दोन्ही बोर्डाच्या पॉवर सप्लायमधून येतात. दुसरे, थंडपणी वाईट आणि तापल्यावर बरे असे वागणारा घटक बोर्डावर बहुधा एकच असतो, तो म्हणजे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. अर्थात हा अंदाज होता, आणि अंदाजावर भाग बदलत सुटण्याची सवय या धंद्यात फार महाग पडते. मी हॉपरचा जुना बोर्ड, कपाटात तीन वर्षे पडून असलेला एक कोरा जादा बोर्ड आणि लोड सेलची ती चार मीटरची केबल, असे सगळे घेऊन वर्कशॉपमध्ये आलो.

अपेक्षा किती ठेवायची

मोजायला बसण्यापूर्वी उत्तम स्थितीत हे सर्किट किती स्थिर राहू शकते, हे ठरवणे मला आवश्यक वाटते. नाहीतर कुठे थांबायचे ते कळत नाही. लोड सेल १०० किलोचा, प्रत्येक व्होल्टला २ मिलिव्होल्ट देणारा. पाच व्होल्टच्या एक्सायटेशनवर पूर्ण भाराला १० मिलिव्होल्ट मिळतात, म्हणजे एका ग्रॅमला ०.१ मायक्रोव्होल्ट. एडीसी एचएक्स ७११ हा २४ बिटांचा, सेकंदाला १० वाचने घेणारा; १२८ च्या गेनवर, म्हणजे सिग्नल तेवढ्या पटीने वाढवताना, त्याचा स्वतःचा नॉइज त्याच्या डेटाशीटनुसार ५० नॅनोव्होल्ट आरएमएस (एका प्रकारची सरासरी) आहे. म्हणजे चिपचा वाटा अर्ध्या ग्रॅमचा, आणि टोकापासून टोकापर्यंत पाहिले तर साधारण साडेतीन ग्रॅमचा. डिस्प्ले १० ग्रॅमच्या पायरीने चालतो. तेव्हा हे सर्किट शेवटचा अंक न हलवता राहू शकले पाहिजे, आणि प्रत्यक्षात ६० ग्रॅम हलत असेल तर त्यातले जवळजवळ सगळे बाहेरून आलेले आहे.

वर्कशॉपमध्ये हॉपर नव्हता, म्हणून तो रोधांचा बनवला. मेटल फिल्मचे ३५० ओहमचे चार रोध लोड सेलच्या आत असतात तसे चौकोनी ब्रिजमध्ये जोडले आणि त्यातल्या एकाला समांतर ९१ किलोओहमचा रोध लावला. अशा ब्रिजमधून प्रत्येक व्होल्टला ०.९६ मिलिव्होल्ट निघतात, म्हणजे या लोड सेलच्या भाषेत ४८ किलो. हॉपरचे स्वतःचे वजन ८ किलो आणि घाणा ४० किलोचा, म्हणून ४८ चा आकडा घेतला. रोधांमधल्या मूळ फरकामुळे आलेला शून्याचा सरकाव आधी वजा करून घ्यावा लागतो, एवढेच. हा ब्रिज कारखान्याच्या त्याच चार मीटरच्या केबलने बोर्डाला जोडला. धूळ नाही, कंपन नाही, मोटर नाही, आणि तरीही जुन्या बोर्डावर ४८ किलो तसेच नाचू लागले. दोष बोर्डाच्या आत आहे हे एवढ्या एका गोष्टीने सिद्ध झाले आणि व्हीएफडी सुटला.

त्यानंतर तोच ब्रिज कोऱ्या बोर्डाला लावला. तिथे आकडा ६० ग्रॅमच्या पट्ट्यात नाचला नाही, पण स्थिरही राहिला नाही. एकूण पंधरा-वीस ग्रॅमच्या पट्ट्यात तो हलत होता. बोर्ड न वापरलेला असताना असे का व्हावे, हा प्रश्न मी त्या दिवशी वहीत लिहून ठेवला आणि आधी दोन्ही बोर्डांतला फरक शोधायला घेतला.

स्कोपने आधी दाखवलेले खोटे

बोर्डाची रचना साधी आहे. पॅनेलमधून २४ व्होल्ट येतात, एलएम २५९६ हा स्विचिंग रेग्युलेटर १५० किलोहर्ट्झवर चालून त्यांचे ५ व्होल्ट करतो, आणि त्या एकाच ५ व्होल्टवर डिस्प्ले, रिले, मायक्रोकंट्रोलर, एडीसी आणि लोड सेलचे एक्सायटेशन असा सगळा संसार चालतो.

पाच व्होल्टवर व्होल्टेजची लहर दाखवणाऱ्या स्कोपचा प्रोब नेहमीच्या पद्धतीने, म्हणजे मगरचिमट्याची लांब ग्राउंड वायर दूरच्या स्क्रूला अडकवून लावला, तेव्हा पडद्यावर ७०० मिलिव्होल्टपर्यंत जाणारे टोकदार काटे दिसले. असे चित्र पाहून पुष्कळ जण फिल्टरवर फिल्टर लावू लागतात. मी प्रोबचे टोक त्याच्याच ग्राउंड चिमट्याला टेकवले आणि दोन्ही एकाच ग्राउंड बिंदूवर ठेवले. अशा वेळी पडद्यावर सपाट रेषा यायला हवी. पण काटे जवळजवळ तसेच राहिले. म्हणजे ते पाच व्होल्टवर नव्हते, प्रोबच्या वायरने बनवलेल्या वेटोळ्यात शेजारच्या रेग्युलेटरच्या कॉइलमुळे उमटत होते. १५ सेंटिमीटरच्या ग्राउंड वायरचे इंडक्टन्स साधारण १५० नॅनोहेन्री असते आणि प्रोबच्या दहा-बारा पिकोफॅरडबरोबर ते शंभर-सव्वाशे मेगाहर्ट्झवर घुमते. नॉइज मोजण्याआधी ही शून्याची तपासणी केलीच पाहिजे, असे मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलाला सांगतो, कारण तिच्यावाचून मोजलेला आकडा बोर्डाचा की आपल्या हाताचा, हे कधीच कळत नाही.

चिमटा काढून प्रोबच्या टोकाशी स्प्रिंगचे छोटे ग्राउंड बसवले, स्कोपची बँडविड्थ २० मेगाहर्ट्झवर मर्यादित केली, एसी कपलिंग घेतले, म्हणजे स्थिर ५ व्होल्ट वगळून फक्त लहर दिसू दिली, आणि थेट आउटपुट कपॅसिटरच्या दोन पायांवर मोजले. आता काटे किरकोळ राहिले आणि खरे चित्र उघडे पडले: जुन्या बोर्डावर २४० मिलिव्होल्टची स्वच्छ त्रिकोणी लहर, कोऱ्या बोर्डावर तशीच ३० मिलिव्होल्टची. दोन्हींची वारंवारता १५० किलोहर्ट्झ.

लहरीचा आकार इथे फार बोलका असतो. कॉइलमधला करंट त्रिकोणी चढतो-उतरतो. कपॅसिटरचा अंतर्गत रोध, ज्याला ईएसआर म्हणतात, नगण्य असेल तर व्होल्टेजची लहर गोलसर येते, आणि तोच वरचढ असला तर करंटचा त्रिकोण जसाच्या तसा व्होल्टेजमध्ये उमटतो. या बोर्डावरची कॉइल ४७ मायक्रोहेन्रीची आहे. २४ चे ५ करताना १५० किलोहर्ट्झवर तिच्यातला करंट साधारण ०.६ अँपिअरने हेलकावतो; २४० मिलिव्होल्टला ०.६ ने भागले की ०.४ ओहम येतात आणि ३० मिलिव्होल्टला भागले की ०.०५ ओहम. कपॅसिटर काढण्याआधीच त्याची प्रकृती कागदावर कळली होती. त्याच्यावर केस वाळवण्याच्या ड्रायरची गरम हवा मिनिटभर सोडली तेव्हा पडद्यावरचा त्रिकोण डोळ्यांदेखत निम्म्याजवळ आला. मामांचे "दुपारच्याला गप बसतंय" ते हेच.

कपॅसिटर काढून मोजला. ईएसआर ०.४२ ओहम भरला, पण कपॅसिटन्स २२० मायक्रोफॅरडच्या जागी अजून १८० होता, म्हणजे त्याच्या अंगावर छापलेल्या वीस टक्क्यांच्या सवलतीत बसणारा. तो वर फुगलेला नव्हता. तळाच्या रबरी बुचापाशी फक्त तपकिरी डागाची एक बारीक रेघ होती. नुसत्या कपॅसिटन्स मोजणाऱ्या मल्टिमीटरने तपासला असता तर कोणीही त्याला निर्दोष ठरवले असते, आणि वायरमनने तसेच केलेही होते.

तो इतक्या लवकर का सुकला, हेही सांगितले पाहिजे. रेग्युलेटरचा डायोड त्याच्यापासून तीन मिलिमीटरवर होता, खोके बंद होते आणि भिंतीपलीकडे मिरची भाजण्याची भट्टी होती. पुढच्या भेटीत थर्मोकपल चिकटवून मोजले तेव्हा कपॅसिटरच्या अंगाचे तापमान ७५ अंश सेल्सिअस आढळले. हा भाग १०५ अंशांना २,००० तासांचा होता. तापमान दर १० अंशांनी उतरले की आयुष्य दुप्पट होते हा ठोकताळा लावला तर ७५ अंशांना १६,००० तास येतात, आणि दिवसाला सोळा तास चालणाऱ्या कारखान्यात ते हजार दिवसांत, म्हणजे तीन वर्षांच्या आतच संपतात. कपॅसिटरने त्याच्या हिशोबाप्रमाणे काम केले होते. चूक बोर्ड आखणाऱ्याने निवडलेल्या जागेची आणि प्रतीची होती.

दीडशे किलोहर्ट्झची लहर सेकंदाला दहा वाचने घेणाऱ्या आकड्याला कशी हलवते, अशी शंका इथे रास्त आहे. एडीसी आतमध्ये आपल्या घड्याळाच्या ठोक्यावर पुष्कळ जलद नमुने घेत असतो, आणि लहरीची वारंवारता त्या ठोक्याच्या एखाद्या पटीजवळ आली की दोघींतला फरक संथ लाटेसारखा आकड्यात उतरतो. दोन्ही घड्याळे तापमानाने थोडी सरकत असल्यामुळे त्या नाचण्याला ठरावीक तालही राहत नाही. एक्सायटेशन आणि संदर्भ एकाच ५ व्होल्टवरून घेतल्यामुळे संथ चढउतार एकमेकांना काटतात ही या रचनेची खुबी आहे, पण १५० किलोहर्ट्झला ती चालत नाही. एक वाट चार मीटरच्या केबलमधून जाते आणि दुसरी चिपशेजारच्या कपॅसिटरवर थांबते, त्यामुळे दोन्हीकडे पोहोचणारी लहर सारखी नसते.

दुरुस्तीतली माझी चूक

ईएसआर वाढला हा रोग, तर ईएसआर अगदी नसलेला कपॅसिटर हे औषध, अशा सरळ हिशोबाने मी त्या जागी २२ मायक्रोफॅरडचे दोन सिरॅमिक कपॅसिटर बसवले. हाताशी तेच होते. १५० किलोहर्ट्झची लहर पडद्यावर एकदम लहान झाली. पण बोर्ड बारीक शिट्टी वाजवू लागला आणि वजन आधीपेक्षा वाईट नाचू लागले. स्कोपचा वेग कमी करून पाहिले तेव्हा ७ किलोहर्ट्झच्या आसपास शंभराहून अधिक मिलिव्होल्टची मोठी लाट दिसली. कानाला ऐकू येत होती ती हीच.

एलएम २५९६ चे फीडबॅक सर्किट, म्हणजे आउटपुट पाहून ते सावरणारा भाग, चिपच्या आतच बांधलेले आहे आणि ते आउटपुट कपॅसिटरला थोडा ईएसआर असेल असे धरूनच स्थिर राहते. तो फार कमी झाला तर हे फीडबॅकचे चक्र डोलू लागते, ही सूचना त्याच्या डेटाशीटमध्ये आहे आणि मला ती माहीत असायला हवी होती. शिवाय ५ व्होल्टचा दाब पडल्यावर लहान आकाराचे सिरॅमिक कपॅसिटर आपला निम्मा कपॅसिटन्स गमावतात, त्यामुळे ४४ मायक्रोफॅरडच्या जागी प्रत्यक्षात वीसेकच काम करत होते. हा प्रसंग मी मुद्दाम सविस्तर लिहितो आहे, कारण जुना इलेक्ट्रोलिटिक काढून सिरॅमिक लावावा हा सल्ला सर्रास दिला जातो, आणि अनेक नव्या रेग्युलेटरांना तो योग्यही आहे, पण या जुन्या चिपला तो मारक ठरतो.

सिरॅमिक काढून २२० मायक्रोफॅरडचा, ०.०५ ओहम ईएसआरचा, १०५ अंशांना १०,००० तास टिकणारा इलेक्ट्रोलिटिक लावला. शिट्टी थांबली, लहर ३० मिलिव्होल्टवर आली आणि वजनाचे नाचणे ६० ग्रॅमवरून पंधरा-वीस ग्रॅमवर उतरले. कोऱ्या बोर्डाइतके. आता वहीत लिहून ठेवलेला प्रश्न समोर येऊन उभा राहिला.

आकडा आकड्याला ढकलतो

राहिलेल्या नाचण्याची चाल वेगळी होती. ते काही आकड्यांपाशी जोरात होई आणि काही आकड्यांपाशी नसल्यासारखे असे. समांतर रोध थोडा बदलून खोटे वजन इकडेतिकडे सरकवले तेव्हा डिस्प्लेवर, हॉपरचे ८ किलो वजा जाऊन दिसणाऱ्या ४०.११ च्या जवळ ते हमखास येई. बोर्ड आपले वजन सिरियल पोर्टवरून संगणकालाही पाठवतो, तिथे ते ग्रॅमपर्यंत दिसते. मी डिस्प्लेचा कनेक्टर उपटला आणि संगणकावर पाहिले, तर वजन एकदम शांत झालेले होते. कनेक्टर परत लावला की नाचणे परत.

डिस्प्ले सात रेषांच्या अंकांचा, लाल एलईडीचा, चार घरांचा आहे. त्यात १ लिहायला दोन रेषा पेटतात, ४ ला चार, ० ला सहा आणि ८ ला सातही पेटतात. ४०.११ मध्ये चौदा रेषा आहेत, ४०.०८ मध्ये तेवीस. प्रत्येक रेषा सरासरी १० मिलिअँपिअर घेत होती, म्हणजे तीन पायऱ्यांच्या फरकाला डिस्प्लेचा करंट ९० मिलिअँपिअरने बदलत होता. तो करंट परत कोणत्या वाटेने जातो हे पाहायला बोर्ड उजेडासमोर धरला. डिस्प्लेचे ग्राउंड आणि लोड सेलची ऋण तार शेजारशेजारच्या कनेक्टरांवर येत होती, आणि तिथून दोघेही एकाच ट्रॅकने रेग्युलेटरकडे जात होते. एडीसीचे ग्राउंड मात्र त्या ट्रॅकच्या दुसऱ्या टोकाला होते.

ट्रॅक १ मिलिमीटर रुंद, ३० मिलिमीटर लांब. ३५ मायक्रॉन तांब्याच्या पत्र्याचा रोध प्रत्येक चौरसाला अर्धा मिलिओहम असतो, आणि या ट्रॅकमध्ये असे तीस चौरस ओळीने बसतात, म्हणून १५ मिलिओहम. एवढ्याशा रोधाला कोणी मोजत नाही. पण त्यातून ९० मिलिअँपिअर कमीजास्त झाले की १.३५ मिलिव्होल्टचा फरक पडतो, लोड सेलचे एक्सायटेशन तेवढ्याने घटते-वाढते, आणि एडीसीच्या संदर्भाला त्याचा पत्ताही नसतो. पाच व्होल्टांत १.३५ मिलिव्होल्ट म्हणजे ०.०२७ टक्के, ४८ किलोंवर १३ ग्रॅम. आकडा खाली गेला की जास्त रेषा पेटत, जास्त रेषा पेटल्या की वजन आणखी खाली ओढले जाई, पुढचे अंक कमी रेषांचे आले की ते परत वर उसळे. दाखवणारा आकडा मोजलेल्या वजनात हात घालत होता.

हा हिशोब तपासणे सोपे होते. बोर्डात डिस्प्ले तपासण्याची सोय होती, तिने आधी ११.११ आणि मग ८८.८८ पेटवून ठेवले. आठ रेषा आणि अठ्ठावीस रेषा. एडीसीचे ग्राउंड आणि लोड सेलची ऋण तार यांच्यात मल्टिमीटरने मोजले तर पहिल्या वेळी १.२ आणि दुसऱ्या वेळी ४.२ मिलिव्होल्ट भरले. संगणकावरचे वजन त्याबरोबर २८ ग्रॅमने उतरले. कागदावर २९ आले होते. रिकाम्या हॉपरला, म्हणजे फक्त ८ किलोंवर, हाच फरक पाच ग्रॅमच्या आत राहतो आणि १० ग्रॅमच्या पायरीत दिसतही नाही. बोर्ड नवा असल्यापासून हा दोष त्यात होता. मामांना पुढे विचारले तेव्हा ते म्हणाले, "थोडं तर पहिल्यापास्नंच हलायचं की, पर तेवढं चालतंय म्हटलं."

काय बदलले

त्या ट्रॅकवर लोड सेलच्या बाजूला ब्लेडने खाच मारून तो तोडला आणि लोड सेलची ऋण तार वेगळ्या वायरने थेट एडीसीच्या ग्राउंडच्या पायावर नेली. डिस्प्लेचा करंट आपल्या जुन्या वाटेने जातो, पण ती वाट आता त्याची एकट्याची आहे.

एडीसी आणि एक्सायटेशनला जाणाऱ्या ५ व्होल्टच्या वाटेत १० ओहमचा रोध घातला आणि त्यापुढे १०० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक व १६ व्होल्ट दाबाचा १० मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावला. लोड सेल व चिप मिळून साधारण १५ मिलिअँपिअर घेतात, म्हणजे रोधावर ०.१५ व्होल्ट पडतात. एक्सायटेशन आणि संदर्भ दोन्ही त्याच्यानंतर घेतलेले असल्यामुळे त्या घटीने वजन बदलत नाही. १५० किलोहर्ट्झला सिरॅमिकचा अडथळा ०.१ ओहमच्या आसपास असतो, त्यामुळे लहर सुमारे शंभरपटीने खाली येते. या ठिकाणी फेराइट बीड, म्हणजे एक प्रकारची छोटी कॉइलच, वापरण्याची प्रथा आहे, पण करंट इतका थोडा असताना मला साधा रोधच अधिक विश्वासाचा वाटतो. बीडचे एखादे मायक्रोहेन्री आणि १० मायक्रोफॅरड मिळून ५० किलोहर्ट्झजवळ स्वतःच घुमू शकतात, आणि मग एक नॉइज घालवताना दुसरा जन्माला येतो.

आउटपुटचा नवा इलेक्ट्रोलिटिक डायोडपासून दूर, बोर्डाच्या कडेला आडवा बसवला. ७५ अंशांना ठोकताळ्याने त्याचे आयुष्य ८०,००० तास निघते. रबरी बूच तेवढा काळ टिकेल असे मी धरत नाही, म्हणून कारखान्याच्या देखभालीच्या वहीत दर दोन वर्षांनी ईएसआर मोजण्याची नोंद करून दिली आहे. कॅलिब्रेशन वजनांनी नव्याने केले, कारण ऋण तारेची वाट बदलली की मूळ गेनही किंचित बदलतो.

वर्कशॉपच्या टेबलावर दहा मिनिटे सतत नोंद घेतली तेव्हा ४८ किलोंचे खोटे वजन पाच ग्रॅमच्या पट्ट्यात राहिले, चिपच्या स्वतःच्या साडेतीन ग्रॅमच्या बरेच जवळ. कारखान्यात बसवल्यावर फीडर चालू असताना आठ-दहा ग्रॅमची थरथर दिसली. फीडर थांबवला की ती नाहीशी होते, म्हणजे ती खरोखरच हॉपरच्या अंगातली आहे, सर्किटमधली नाही. केबलचे कवच दोन्ही टोकांना जोडलेले आढळले, ते फक्त पॅनेलकडच्या टोकाला ठेवले. याने मोजण्याजोगा फरक पडला नाही, पण तसे असणेच बरे.

त्या कारखान्यात याच आखणीचे आणखी तीन बोर्ड आहेत. तिन्हींचे कपॅसिटर उतरवून मोजले तेव्हा भट्टीच्या भिंतीला लागून असलेल्याचा ईएसआर ०.३ ओहमच्या वर गेलेला होता आणि सर्वांत दूरच्या, पंख्याखालच्या बोर्डाचा अजून ०.१ च्या आत होता. तिघांनाही हीच दुरुस्ती केली. बोर्ड बसवून परतण्याआधी एक रात्र सांगलीत थांबून मी सकाळी सात वाजता, कारखाना थंड असताना, पहिला घाणा पडताना पाहायला गेलो. मामांनी मीठ सोडले, फीडर थांबला, आकडा ४०.०० वर आला. ते बराच वेळ डिस्प्लेकडे पाहत राहिले आणि मग पुढच्या घाण्यासाठी मिरचीची कोठी उघडायला गेले.